पाण्याचे तारे

रमैला गावाचे पाणी डोंगराच्या पोटातून येते. खडकात कोरलेल्या बोगद्यातून दीड मैल अंधारात वाहत ते मशिदीपाशी उघड्यावर येते आणि तिथून पाटाने खजुराच्या बागांत शिरते. या पाटाला तिकडे फलज म्हणतात. फलज रात्रंदिवस वाहतो, त्याला झोप नाही. त्यामुळे त्याचे पाणी वाटून घेणाऱ्या माणसांना झोपही वाटूनच घ्यावी लागते. दिवसा कोणाची पाळी कधी संपली हे चौकात रोवलेल्या काठीची सावली सांगते. रात्री ते तारे सांगतात. ताऱ्यांचे म्हणणे माणसांपर्यंत पोचवायला मात्र एक पाटकरी लागतो.

झहरान बिन सुवैलिम हा रमैलाचा रात्रीचा पाटकरी होता. ही हकीकत घडली तेव्हा त्याचे वय सदुसष्ट होते आणि त्यातली सत्तेचाळीस वर्षे एका दगडावर गेली होती. मशिदीच्या बाहेरच्या भिंतीला लागून हा काळा, बुटका दगड आहे. पिढ्यान्‌पिढ्या बसून बसून तो मधोमध खोलगट झाला आहे. समोर पूर्वेला बागा आणि बागांना अगदी खेटून करवतीसारखी धार असलेली टेकडी. ठरलेल्या चोवीस ताऱ्यांपैकी एकेक तारा त्या धारेच्या वर आला, की एकाची पाळी संपते आणि दुसऱ्याची सुरू होते. तारा दिसला की झहरान हाक मारी, "ओ खमीस! पाणी तुझं!" त्याचा आवाज असा होता, की वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीच्या, पलीकडल्या काठावरची कुत्री उठून बसत.

हे काम त्याला बापाने शिकवले. सुवैलिम शिकवण्यात कडक होता. ढुंगण दगडावर, पाठ भिंतीला आणि टाचा जमिनीला, असा त्याचा नियम होता. पोरगा तारा लवकर दिसावा म्हणून जरा उंच झाला की तो काठीचे टोक त्याच्या पायाच्या बोटावर टेकवी. "बस खाली. तारा तुझ्याकडे येईल, तू ताऱ्याकडे जायचं नाही." पोराला डुलकी लागू नये म्हणून बापाने ही शिस्त लावली असावी, असे झहरानला आयुष्यभर वाटत आले.

त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. पण गावातल्या नव्वद घरांपैकी कोणाला किती पाणी, कोणाच्या आजीने कोणाला लग्नात किती दिले, कोणत्या भावांनी वाटणी करताना अर्धा तारा मागितला होता, हे सारे त्याला तोंडपाठ होते. पाणी नऊ दिवसांनी फिरून येई. नऊ दिवसांत तारे अर्ध्या तासाहून थोडे अधिक अलीकडे सरकतात, म्हणून मग यादीतला पुढचा तारा धरायचा. हे सगळे गणित तो खजूर चघळत करी. अंगातल्या पायघोळ डिशडाशाच्या खिशात रात्रभराचे अकरा खजूर असत, ना कमी ना जास्त.

स्वतःच्या लग्नातही तो जेवणाच्या ताटावरून उठून दगडावर गेला होता. नवरी महरा वाळवंटातल्या बदूंची मुलगी होती. तंबूत जन्मलेली, उंटाच्या दुधावर वाढलेली. तिने नवऱ्याच्या मावशीला विचारले, "हा माणूस रात्री कुठं गेला?"

"पाणी सोडायला," मावशी म्हणाली.

"मग दिवसा काय करतो?"

"झोपतो."

"म्हणजे मला वटवाघूळ दिलंय," महरा म्हणाली. हे ऐकून गाव आठवडाभर हसले. झहरानला मात्र या मुलीचा अभिमान वाटला, कारण असे बोलायची गावातल्या कोणाची हिंमत नव्हती.

तारे तिलाही येत होते, पण तिचे तारे वेगळे होते. पहिल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ती अंगणात बसून उत्तरेकडे बोट दाखवत सांगू लागली. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो तेच ते सात तारे. "ते पुढचे चार म्हणजे जनाजा. मागून तिघी मुली चालल्यात. बापाला ज्यानं मारलं तो तिकडं उत्तरेला बसलाय, जागचा हलत नाही. सूड घेतल्याशिवाय बापाला पुरायचं नाही म्हणून त्या बिचाऱ्या त्याच्याभोवती फिरतायत."

झहरानने नीट ऐकून घेतले आणि विचारले, "मुलींची पाळी कोणत्या दिवशी?"

"कसली पाळी?"

"पाण्याची. त्या ताऱ्यांवर कोणाचं पाणी असतं?"

महराने कपाळाला हात लावला. "तुमच्या गावाला देवानं आभाळ दिलं आणि तुम्ही त्याचे वाफे पाडलेत!"

"आणि तुम्ही त्यात मढी नेताय," झहरान म्हणाला.

पुढे पंचेचाळीस वर्षे हा वाद चालू राहिला. सुहैल तारा पहाटे दक्षिणेला दिसू लागला की महरा म्हणे, उकाडा मोडला, आता उंट पाण्यावाचून लांबचा पल्ला मारतील. झहरान म्हणे, सुहैल आमच्या टेकडीवर येतच नाही, तो काय कामाचा? फलजचा कारभारी हुमैद लहानपणी झांजिबारात वाढला होता. तो या दोघांत आपले तिसरेच घाली. कृत्तिकांचा घोळका, अरबांची सुरैया, दिसला की तिकडचे लोक कुदळ उचलून शेताला जातात, असे त्याचे म्हणणे. "तिकडं सुरैया बघून माणसं कामाला लागतात. इथं सुरैया बघून भांडायला लागतात."

हुमैद चांगला माणूस होता. त्याच्या मनगटावर स्टीलच्या पट्ट्याचे घड्याळ होते आणि ते तो दर शुक्रवारी नमाजानंतर कानाला लावून बघे.

झहरानची नजर जाऊ लागली ती हळूहळू. आधी सुरैयातले सहा तारे धुरासारखे झाले. मग यादीतले बारीक तारे हरवू लागले. त्याने कोणाला सांगितले नाही. आधीचा तारा कधी आला ते लक्षात ठेवून, खजूर मोजून, अंदाजाने तो हाका मारू लागला. एका संध्याकाळी घरातून निघताना त्याने महराला सहज विचारल्यासारखे विचारले, "आज ढग आहेत का गं?"

महराने वर पाहिले. आभाळ घासलेल्या थाळीसारखे होते. ती म्हणाली, "आहेत थोडे." आणि मग आत जाऊन रडली.

दुसऱ्या दिवशी ती त्याला धरून मोठ्या गावच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाला, काचबिंदू आहे. औषधाने आहे ती दिवसाची नजर टिकेल, पण रात्रीची जी गेली ती परत यायची नाही. दोघे परत निघाले. गाव दिसू लागल्यावर झहरान म्हणाला, "हुमैदला सांगून टाकतो. आता घड्याळावर जाऊ दे पाणी."

"आणि तू काय करशील?"

"झोपेन."

"रात्री? तुला येते का झोप रात्री?" महरा म्हणाली. "मी छतावर बसते. तारा वर आला की खलबत्त्यात एक ठोका देते. तू दगडावरून हाक मार. डोळे माझे, तोंड तुझं. कोणाला कळतंय?"

झहरान तीन दिवस नाही म्हणाला. चौथ्या दिवशी त्याने तिला चोवीस तारे क्रमाने म्हणून दाखवायला सांगितले. तिने न अडखळता म्हटले. "हे तू कधी शिकलीस?" त्याने विचारले.

"पंचेचाळीस वर्षं दुसरं काही बोललायस का तू माझ्याशी?"

तेव्हापासून त्यांच्या दुमजली घराच्या छतावरून, कॉफी कुटायच्या पितळी खलबत्त्याचा रात्रीतून दहा-बारा वेळा ठण्ण असा एक ठोका येऊ लागला. घर मशिदीला लागूनच होते, आवाज दगडापर्यंत स्वच्छ पोचे. बायका म्हणत, म्हातारपणी महराला कॉफीचे वेड लागले. पुरुष म्हणत, बदूच ती, रात्री पाहुणे येतील म्हणून जागत असेल. सात महिने असे गेले.

नोव्हेंबर संपत आला होता. एका सकाळी नसरा त्यांच्या दाराशी आली. नसरा बिंत अली ही चाळिशीची विधवा. खजुराची नऊ झाडे आणि लिंबाची सहा, एवढ्यावर तिचे घर चाले. नऊ दिवसांच्या फेरीतल्या पाचव्या रात्रीची पहिली पाळी तिची होती. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, बांग झाली की पाणी तिचे, आणि रात्रीचा पहिला तारा टेकडीवर आला की दुसऱ्याचे.

"अबू सालिम," गावाच्या रीतीने झहरानला त्याच्या मुलाच्या नावावरून हाक मारत ती म्हणाली, "माझं पाणी कमी येतंय."

झहरान दिवाणावर उठून बसला. "उन्हाळ्यात सगळ्यांचंच कमी होतं, पोरी."

"उन्हाळा संपून तीन महिने झाले. माझे बारा वाफे आहेत. बारा भरायचे, आता दहा भरतात. आणि शेवटचे दोन आहेत ना, त्यातच लिंबं आहेत माझी. पानं अशी वळलीत," तिने तळहात मुडपून दाखवला, "फळ धरलं ते बोराएवढं होऊन गळलं."

"उंदरांनी बांध पोखरला असेल."

"बांध मी स्वतः लिंपलाय. उंदीर माझ्या बागेत येत नाहीत, त्यांनासुद्धा तिथं काही मिळत नाही." मग तिने आवाज खाली आणला, पण महराला ऐकू जाईल इतकाच. "त्याच रात्रीची शेवटची पाळी महराखालाची आहे. लग्नात मेहेर म्हणून मिळालेली. खालाचे खजूर बघा जाऊन, कसे माजलेत. मी काही म्हणत नाही. पण पाटावर कपडे धुताना बायका म्हणतायत."

महरा स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कोण म्हणतंय?"

"नाव नाही सांगणार. मला त्याच पाटावर कपडे धुवायचेत," नसरा म्हणाली आणि निघून गेली.

हे बोलणे हुमैदच्या कानावर गेले नसते तरच नवल. शुक्रवारी नमाजानंतर त्याने झहरानला बाजूला घेतले. "अबू सालिम, तुमच्यावर माझा संशय नाही. पण विधवेची तक्रार आहे. येत्या फेरीपर्यंत उत्तर द्या. नाहीतर आपण घड्याळावर जाऊ. आजूबाजूची सगळी गावं गेलीत."

"माझ्या बापाच्या वेळी एकही तक्रार नव्हती," झहरान म्हणाला.

"म्हणून तर," हुमैद म्हणाला.

झहरानने हे मनाला फार लावून घेतले. पद जाईल याची चिंता त्याला नव्हती, ते तर त्याने आधीच सोडायचे ठरवले होते. पण चोर म्हणून जायचे, आणि तेही महराच्या नावावर डाग ठेवून, हे त्याला सहन होणारे नव्हते. सत्तेचाळीस वर्षांत त्याने कोणाला ताऱ्याच्या टोकाएवढेही कमी दिले नव्हते.

तो कामाला लागला. आपल्या पद्धतीने, क्रमाने. दिवसा काठी टेकत तो एकेका दारात गेला. पाचव्या रात्रीच्या दुसऱ्या पाळीचा खमीस, तिसऱ्या पाळीचे तिघे भाऊ, चौथ्या पाळीची मशिदीची बाग. सगळ्यांना एकच प्रश्न: "वाफे किती भरतात?" सगळ्यांचे एकच उत्तर: "जितके भरायचे तितकेच." खमीस तर म्हणाला, "तुमच्या राज्यात कधी कमी-जास्त झालंय का?"

शेवटी तो आपल्याच बागेत गेला. महराच्या पाळीवर बारा वाफे भरायचे. तिथला गडी म्हणाला, "बारा कसले, चौदा भरतात. तेरावा नि चौदावा मी नवीन पाडलाय. पाणी उरायला लागलं म्हणून."

"कधीपासून?"

"असतील सहा-सात महिने. तुम्हाला सांगितलं नाही का मी?"

त्याने सांगितले नव्हते. झहरान बांधावर बसला. मधल्या सगळ्यांचे बरोबर. पहिलीचे दोन वाफे कमी. शेवटचीचे दोन वाफे जास्त. तो हे बोटांवर पुन्हा पुन्हा मोजत राहिला. पहिली पाळी बांगेवर सुरू होते आणि ताऱ्यावर संपते. शेवटची ताऱ्यावर सुरू होते आणि पहाटेच्या बांगेवर संपते. मधल्यांची दोन्ही टोके ताऱ्यांवर. बांग तर जागेवरच आहे. म्हणजे सरकलेत ते तारे. सगळेच्या सगळे, सारखेच, अलीकडे सरकलेत. बाकीच्या आठ रात्री पहिली आणि शेवटची पाळी एकाच घराची, म्हणून तिथली तूट घरातच भरून निघाली.

संध्याकाळी त्याने महराला हे सांगितले. ती म्हणाली, "तारे लवकर उगवायला लागले? का, त्यांना कुठं जायचंय?"

"तुला बरोबर दिसतात ना?"

"मला वाळूवर मुंगीची वाट दिसते!"

"टेकडीच्या वर आल्यावरच ठोकतेस ना? आधी नाही?"

"आल्यावरच. धारेपासून सुटून वर उभा राहिल्यावर." तिचा आवाज चढला. "तूही त्या पाटावरच्या बायकांसारखं बोलायला लागलास का?"

बऱ्याच वर्षांनी झहरान जिना चढून छतावर गेला. गुडघे कुरकुरत होते. वर जाऊन त्याने कठड्यावर हात ठेवला आणि पूर्वेकडे तोंड केले. दिसत काहीच नव्हते, पण वारा तोंडावर वेगळा लागत होता. खाली दगडावर वारा बागांतून गाळून येई, इथे तो खजुरांच्या शेंड्यांवरून सरळ येत होता. झाडांची सळसळ पायांच्या पातळीला होती. तो तिथे कितीतरी वेळ उभा राहिला आणि त्याला बापाच्या काठीचे टोक आपल्या बोटावर टेकल्यासारखे वाटले.

"महरा," तो म्हणाला, "आज पहिला तारा कोणता?"

"दबरान. लाल डोळ्याचा."

"दबरान वर आला की मला इथंच सांग. आणि मग माझ्याबरोबर खाली चल."

मगरिब होऊन गेली होती. आभाळातला उजेड उतरत होता. ती रात्र पाचवी नव्हती, त्या दिवशीची पहिली पाळी हुमैदच्या भावाची होती. थोड्या वेळाने महरा म्हणाली, "आला. सुटला धारेपासून." पण झहरानने ठोका देऊ दिला नाही. तिचा हात धरून तो जिना उतरला, अंगण ओलांडले आणि तिला मशिदीच्या भिंतीशी घेऊन आला. पुरुष आत हातपाय धुऊन, वझू करून बसले होते, बाहेर कोणी नव्हते.

"बस दगडावर. पाठ भिंतीला. टाचा जमिनीला."

महरा बसली. पंचेचाळीस वर्षांत ती या दगडावर पहिल्यांदाच बसत होती. "थंड आहे रे हा," ती म्हणाली.

"वर बघ. दबरान कुठं आहे?"

महराने टेकडीकडे पाहिले. डोळे बारीक केले. मग ती जरा उंच होऊ लागली तसा झहरानने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "उंच व्हायचं नाही."

"नाहीये," ती म्हणाली. "अरे, नाहीये तो! आत्ता तर होता. बुडाला की काय?"

"बुडाला नाही. तू बुडालीस. बघत राहा."

झहरान तस्बीहचे मणी सरकवत होता. मण्यांचे तीन वेढे झाले, चार झाले. महराचा हात त्याच्या बाहीला धरून होता. सहाव्या वेढ्याला ती हळूच म्हणाली, "आला." आणि मग रडायला लागली. "चार माणसं उंच बसले मी, म्हणून? एवढ्यानं?"

"टेकडी जवळ आहे ना. लांब असती तर फरक पडला नसता. तुमच्या वाळवंटात आभाळ कुठूनही तेवढंच दिसतं. इथं नाही." झहरानने घसा साफ केला आणि बागांकडे तोंड करून हुमैदच्या भावाची पाळी संपल्याची हाक मारली. आज पाणी त्याला गेल्या काही महिन्यांपेक्षा थोडे जास्तच गेले होते, पण त्याबद्दल तो तक्रार करणार नव्हता.

घरी आल्यावर महराने डोळे पुसले आणि तिचे डोके चालू लागले. "हे बघ. यात कोणाला काही सांगायची गरज नाही. मी छतावर ठोकते, तू सहा वेढे मणी फिरव आणि मग ओरड. नसराचे बारा वाफे भरतील. हुमैद म्हणेल, नीट झालं. संपलं."

"आणि सात महिने?"

"सात महिने गेले. वाळूवर वारा फिरला की पाऊल राहत नाही."

"इथं वाळू नाही, महरा. इथं लिंबाची झाडं आहेत. ती उभी आहेत तशीच." तो दिवाणावर आडवा झाला. "शिवाय पाणी नीट झालं तर बायका काय म्हणतील? तक्रार केली म्हणून चोरी थांबली, असंच म्हणतील. तुझी चोरी."

"मी म्हातारी आहे. म्हणू देत."

"मी नाही म्हणू देणार," झहरान म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. झोप अर्थातच आली नाही. थोड्या वेळाने त्याला दगडावर परत जायचेच होते.

पुढच्या शुक्रवारी गावातले पुरुष बैठकीच्या खोलीत जमले. खजुराची थाळी फिरली, कॉफीची लहान भांडी फिरली. नसरा दाराबाहेर चटईवर बसली होती, कारण बायका आत बसत नाहीत. तिच्या शेजारी महरा येऊन बसली तेव्हा नसराने थोडी जागा करून दिली, पण तोंड तिकडे वळवले नाही.

झहरानने उभे राहून सांगितले. अगदी सरळ सांगितले, क्रमाने, जसा तो तारे म्हणे तसे. "मला रात्रीचं दिसत नाही. सात महिने झाले. तारे महरा बघायची, छतावरून. छत उंच आहे, म्हणून तारा अलीकडे दिसायचा. मधल्यांना फरक पडला नाही. नसराचं कमी झालं, आमचं जास्त झालं. महराला माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं, माझ्या बापानं सांगितलं होतं, पण मला तेव्हा समजलं नाही. सात महिन्यांत तेवीस फेऱ्या झाल्या. ते सगळं मिळून नसराच्या जवळजवळ चार पाळ्या होतात. महराच्या पहाटेच्या चार पाळ्या नसराच्या. आणि दगड आता हुमैदचा."

मग कोपऱ्यातून म्हाताऱ्या खमीसचा आवाज आला, "म्हणजे ती कॉफी नव्हती?"

आधी एक हसला, मग दोघे, आणि मग सगळी खोली हसू लागली. कोणीतरी म्हणाले, "सात महिने मी बायकोला सांगतोय, महरासारखी ताजी कॉफी कुटून पाज!" झहरान हसला नाही. तो तसाच उभा होता.

हुमैदने मनगटावरचे घड्याळ काढले आणि चटईवर ठेवले. "अबू सालिम, तुम्ही खरं बोललात, देव तुमचं भलं करो. आता पुढच्या फेरीपासून हे..."

"हे काय?" दारातून नसरा म्हणाली.

"घड्याळ. तुझ्यासाठीच तर. एक तास म्हणजे एक तास, मिनिटाचा फरक नाही."

"माझ्या आजोबानं मला तारा दिलाय. तास नाही दिला. रात्रीचा पहिला तारा दिसेपर्यंत पाणी नसराचं, असं पंचांसमोर म्हणाला होता तो मरताना. तुमच्या घड्याळात दबरान कुठं आहे दाखवा."

"अगं, तुझंच पाणी गेलं ना ताऱ्यांमुळे?"

"ताऱ्यांमुळे नाही गेलं. छतामुळे गेलं." नसरा उंबऱ्यापर्यंत पुढे आली. "तारे जागेवर आहेत, दगड जागेवर आहे. त्यावर डोळे असलेलं माणूस बसवा म्हणजे झालं."

"कोण बसेल रात्रभर? आजकाल कोणाला चोवीस तारे येतात?"

नसराने मागे वळून बोट दाखवले. तक्रार घेऊन आली त्या सकाळपासून ती महराकडे पहिल्यांदाच सरळ पाहत होती. "हिला येतात."

खोलीत कुजबुज झाली. हुमैद अवघडून म्हणाला, "बाईमाणूस, मशिदीबाहेर, रात्री... बरं दिसेल का?"

"मी रात्री बागेत गुडघाभर चिखलात उभी राहून दारे धरते. सहा वर्षं झाली. तेव्हा कोणाला बाईमाणूस दिसलं नाही ते!" नसरा म्हणाली. "नवरा शेजारी बसेल. हाका तोच मारेल, तिच्या आवाजाला काय, कोंबडीसुद्धा उठायची नाही."

महरा पदराआडून म्हणाली, "माझा आवाज तू ऐकला नाहीस अजून."

हुमैदने इकडे तिकडे पाहिले. कोणी विरोधात बोलेल असे त्याला दिसले नाही. खमीस तर मान डोलावत होता, कारण घड्याळ वाचता न येणाऱ्यांत तोही होता. हुमैदने घड्याळ उचलून पुन्हा मनगटावर चढवले. "आणि त्या चार पाळ्या? माफ करतेस का? त्यांनी मुद्दाम नाही केलं."

"माहितीये मुद्दाम नाही केलं. लिंबांना ते माहीत नाही," नसरा म्हणाली. "चारच्या चार घेणार. एकही सोडणार नाही."

"घे," महरा म्हणाली. "चौदा वाफ्यांचं पाणी घे."

मग पाचवी रात्र आली. मगरिबचा नमाज सुटला तेव्हा महरा काळ्या शालीत स्वतःला गुंडाळून दगडावर बसली होती, पाठ भिंतीला आणि टाचा जमिनीला. शेजारी जमिनीवर चटई टाकून झहरान बसला होता. त्याने खिशातले अकरा खजूर काढले आणि पाच तिला दिले. नमाजातून बाहेर पडणारे पुरुष आधी जरा लांबून गेले. मग खमीस जवळ येऊन म्हणाला, "कॉफी नाही का आज?" आणि बाकीच्यांचेही अवघडलेपण गेले.

तारे सरकले होते, म्हणून यादीतला पुढचा तारा धरायचा होता. तो टेकडीवर यायला वेळ होता. बागेतून नसराच्या फावड्याचा आवाज येत होता. एकेक वाफा भरला की ती माती ओढून दार बंद करी आणि पुढचे उघडी. झहरान ते आवाज मोजत होता. दहा झाले. अकरावा झाला. बराच वेळ गेला आणि बाराव्या वाफ्याचे दार बंद झाले. त्याने महराच्या पायाला हात लावला.

"भरला," तो म्हणाला.

"गप्प बस, मला बघू दे." आणि मग थोड्या वेळाने, हळूच, "आला."

झहरान उठून उभा राहिला आणि पूर्ण ताकदीने ओरडला, "नसरा! तुझं झालं! पाणी खमीसचं!"

बागेच्या काळोखातून नसराचा आवाज आला, तितकाच मोठा, "एवढी घाई कसली झालीय? नीट बघितलं का खालानं? अजून आहे तो टेकडीमागं!"

महरा दगडावरून न उठता ओरडली, "वर आलाय! डोळे धुऊन बघ!"

वादीच्या पलीकडल्या काठावरची कुत्री भुंकू लागली.